आधी राख, मग पत्रा

संपादकांना माझ्याकडून पटकीच्या साथीवर लेख हवा होता. साथीत धैर्य कसं दाखवलंत, विहिरी कशा शुद्ध केल्यात, वगैरे. मी म्हटलं, नाही, लिहीन तर कुत्र्याच्या गुवावर लिहीन. टेलिफोनवर ते हळूच म्हणाले, "अहो, दिवाळी अंक आहे." म्हटलं, "ठाऊक आहे. वाचकांना सांगा, हातातली चकली संपवा आणि मग हे पान उघडा."

मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. अलिबागेहून श्रीवर्धनकडे जाताना किनाऱ्याला जी लहान गावं लागतात, त्यांतल्या एका नगरपालिकेत. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं गेली, पण त्यांची नातवंडं तिथेच आहेत आणि मला अजून तिथे लग्नामुंजीला जावं लागतं.

सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगायला हवं. गावात जे जे म्हणून घाण, कुजकं, सडकं आणि मेलेलं, ते माझं. पहाटे सफाईवाल्यांची हजेरी घ्यायची, गल्लीगल्लीतले संडास साफ झाले का ते नाक धरून बघायचं, विहिरीत औषध टाकायचं, हॉटेलातल्या कपबश्या उलट्या करून बघायच्या, जन्ममृत्यू लिहायचे. आणि हे सगळं लांबून. हातात छडी, डोक्यावर टोपी, तोंडात हुकूम. मी जन्माने ब्राह्मण आणि पोटासाठी हे! आमच्या आईने मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या दाराने घरात घेतलं नाही. मागच्या विहिरीवर कपडे काढायचे, आंघोळ करायची, मग स्वयंपाकघराची पायरी. "पगार सोवळ्यात घेते हो," असं वर म्हणायची. मी हसायचो. तिचं आपलं जुनं वळण, एवढंच मला वाटे.

कुत्रे दोन जातींचे. बिल्लेवाले आणि बिनबिल्ल्याचे. पाळलेल्या कुत्र्याचं लायसन काढलं की नगरपालिका पितळी बिल्ला देई, तो गळ्यात. बिनबिल्ल्याच्या कुत्र्यांचं आम्ही काय करत होतो ते इथे लिहीत नाही, ते पाप वेगळं आहे. पण गंमत अशी, की घाणीचा त्रास होता तो बिल्लेवाल्यांचाच. गावठी कुत्रा शहाणा. कुठे बसायचं आणि कुठे नाही, हे तो पिल्लू असताना दगड खाऊन शिकलेला. बंगल्यातल्या कुत्र्याला दगड मारणार कोण?

बंगले तेव्हा नुकते होऊ लागले होते. मुंबईहून निवृत्त होऊन आलेली मंडळी, समुद्राकाठी हवा चांगली म्हणून. त्यांत सगळ्यांत मोठे रावसाहेब. कुठेतरी मॅजिस्ट्रेट होते म्हणे. त्यांचा अल्सेशियन, नाव प्रिन्स, वासराएवढा. रावसाहेब त्याच्याशी इंग्रजीत बोलत, माझ्याशी मराठीत, आणि सफाईवाल्यांशी बोलतच नसत. समोर झाडूवाला उभा असला तरी मला सांगत, "त्याला सांगा, गटार अजून तुंबलंय." तो ऐकतोय, मी ऐकतोय, तरी मी परत सांगायचं.

रोज सकाळी रावसाहेब प्रिन्सला घेऊन किनाऱ्यावर जात. त्यांच्या बंगल्यासमोरच कोळणींचं खळं होतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जवळा, म्हणजे ती बोटाच्या पेराएवढी बारीक कोलंबी, उन्हात वाळवायची तर जमीन स्वच्छ लागते. कोळणी वाळूच्या वरच्या अंगाला जमीन चोपून घट्ट करतात, शेणाने सारवतात, भोवती काट्याकुट्यांचं कुंपण घालतात. सूर्य वर आला की त्यावर जवळा पसरायचा, दुपारपर्यंत दोनतीनदा परतायचा. खळ्यात चप्पल घालून कुणी जात नाही, अगदी घरचा दादलासुद्धा नाही. जवळा धुता येत नाही ना! खळ्यात पडलं ते जवळ्यात गेलं, आणि जवळ्यात गेलं ते कुणाच्या तरी ताटात.

खळ्याची मुख्य हिरूबाई. नवरा वादळात गेलेला, दोन होड्या आणि सात तोंडं पदरात. आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर कचेरीत माझी टोपी हलावी. एका सकाळी ती टोपली घेऊन थेट कचेरीत आली आणि माझ्या टेबलावर रिकामी केली. जवळा. आणि त्यात... असो.

"हे काय हाय, भाऊ?"

"अहो बाई, टेबलावरून काढा आधी!"

"तुमच्या टेबलावर तुमाला चालत न्हाय, आन् आमच्या खल्यान चालतंय व्हय? त्या रावसायबाला सांगा, कुत्रा तुजा तं त्याचा गूबी तुजाच. उचल म्हनावं."

मी हबकलोच. टेबलावरच्या घाणीने नाही, त्या शेवटच्या वाक्याने. मालकाने उचलायचं! नोकरीत दहा वर्षं झाली होती, पण हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नव्हता. आणि जसजसा विचार केला तसतसं वाटलं, बाई बोलतेय ते बरोबर आहे. ज्याचा कुत्रा त्याची घाण. इतकं सोपं!

झालं, मला झपाटलं. मी पत्रेवाल्याकडून रॉकेलच्या डब्यांची लहान फावडी करून घेतली, लाकडी मूठ लावून. बरोबर राखेचा डबा. युक्ती अशी की घाणीवर आधी राख टाकायची, म्हणजे ती सुटी होते आणि वासही मरतो. मग खालून पत्रा सरकवायचा. आधी राख, मग पत्रा. हे चार शब्द मी त्या वर्षी इतक्यांदा म्हटले, की बायको म्हणायची झोपेतसुद्धा बडबडता.

घरोघरी गेलो. एकेक नग भेटला! एका कंपाउंडरसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून कुत्रं शेजाऱ्याच्या फाटकाला बांधायला लागले. देवळामागच्या काकूंनी फावडं हौसेने ठेवून घेतलं. महिन्याने बघतो तर तांदळाच्या पिंपात! म्हटलं, "काकू, कपाळ माझं, हे कशासाठी दिलं होतं?" म्हणाल्या, "अरे, कोरं होतं रे. त्या कामाला नाही हो वापरलं एकदाही."

मग दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका, बिल्लेवाल्या कुत्र्यांच्या मालकांनी आपापल्या कुत्र्याची घाण आपल्या हाताने उचलावी हो!" गाव दारात आलं. हसायला नाही हं, घाबरून. "आपल्या हाताने?" म्हातारीकोतारी एकमेकींना विचारत होत्या. दुपारी अध्यक्षांनी बोलावून घेतलं. "तुम्हाला वेड लागलंय का? ते 'आपल्या हाताने' काढा आधी."

रावसाहेबांकडे मी स्वतः गेलो. फावडं त्यांच्या व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवलं, राखेचा डबा ठेवला, आधी राख मग पत्रा समजावलं. त्यांनी फावड्याकडे असं पाहिलं, जणू मी मेलेला उंदीरच ठेवला होता.

"इन्स्पेक्टर, मी माझीसुद्धा उचलत नाही," ते म्हणाले. "त्यासाठी तुमची माणसं आहेत. मग प्रिन्सची मी का उचलू?"

मी म्हटलं, "कोळणींचा जवळा खराब होतो, साहेब."

"त्या शेणाने सारवतात ते चालतं? बैलाचं पवित्र आणि माझ्या कुत्र्याचं घाण? आणि जवळ्याचा वास येतो त्याचं काय? मी वर अर्ज केलाय. खळंच हलवा तिथून, खाडीपलीकडे."

हे मात्र खरं होतं. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी पाहणीला येणार होते. खळ्यात घाण सापडली तर खळं बंद. खाडीपलीकडची जागा मी पाहिली होती. उधाणाला तिथे पाणी चढे, गोड्या पाण्याचा थेंब नाही. टोपल्या डोक्यावर घेऊन खाडीतून जायचं आणि यायचं. हिरूबाईचा हंगाम तिथे महिनाभरही टिकला नसता, आणि त्या हंगामावर सात तोंडं होती.

आणि मग, विहिरीवर आंघोळ करताना, मला युक्ती सुचली. काय आनंद झाला सांगू! मालक उचलत नाही ना? मग माणूसच द्यावा कुत्र्याच्या मागे.

आमच्याकडे जमना होती. तिची माणसं आज्याच्या वेळी काठेवाडातून इथे आणलेली, सफाईच्याच कामाला. त्यांच्या जातीला तेव्हा गाव ज्या नावाने हाक मारी, ते मी लिहीत नाही. मराठी आपल्यासारखंच बोले, रागावली तरच गुजराती. मी तिला हजेरीनंतर थांबवलं, फावडं हातात दिलं, डबा दिला. "रोज सकाळी रावसाहेबांच्या कुत्र्यामागे दहा पावलांवर चालायचं. बसला की आधी राख..."

"मग पत्रा," ती म्हणाली. "सगळ्या गावाला पाठ झालंय, साहेब."

बोलताना ती हसली नव्हती. मी मात्र हसलो. ते आज आठवतं आणि अंगावर काटा येतो.

युक्ती लागू पडली. दोन महिने किनारा असा स्वच्छ, की अध्यक्षांनी बैठकीत माझं नाव घेतलं. पुढे प्रिन्स, मग काठी घेतलेले रावसाहेब, मग दहा पावलांवर जमना. खळ्यापाशी रावसाहेब कुत्र्याला साखळीने ओढून घेत, त्यामुळे सगळं वाळूवरच निभावे. हिरूबाई खूश. रोज परतताना जमनाला हाक मारी आणि मूठभर सुका जवळा तिच्या पदरात टाकी. किती दिलदार बाई, मला वाटायचं. ती तो वरून टाकायची, हे मी रोज बघत होतो आणि मला दिसत नव्हतं.

पाहणीचा दिवस आला. माघाची थंडी, ऊन कोवळं, खळंभर गुलाबी जवळा पसरलेला. हिरूबाईने आदल्या दिवशी पुन्हा सारवलं होतं. मी सकाळपासून तिथेच. अधिकारी नऊला यायचे. साडेआठ वाजून गेले असतील, आणि रावसाहेबांच्या हातची साखळी सुटली.

सुटली की सोडली, देव जाणे. मी पाहिलं तेव्हा प्रिन्स कुंपणावरून उडी मारत होता. कोळणींनी एकच गिल्ला केला. तेवढ्याने कुत्रं बिथरलं, खळ्याच्या बरोबर मध्यावर गेलं, गोल गोल फिरलं आणि बसलं. वासराएवढं जनावर! मग ज्या वाटेने आलं त्या वाटेने उडी मारून गेलं. रावसाहेब लांब, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे.

"जमना!" मी ओरडलो.

ती धावतच आली, काखेत टोपली, एका हातात फावडं, एका हातात डबा. कुंपणाचं कवाड उघडून आत पाय टाकणार, तोच हिरूबाई दोन्ही हात पसरून आडवी झाली.

"आत न्हाय! खल्यान न्हाय येवाचं!"

मला वाटलं, बाई गोंधळलीय. म्हटलं, "हिरूबाई, अहो, ती साफ करायला आलीय. साहेब यायला अर्धा तास नाही राहिला."

"ती खल्यान आली तं आमचा जवला कोन घेल? गावभर व्हईल. मंग कुत्रा परवडला!"

मी थक्क झालो. नुसता थक्क नाही, माझ्या पायाखालची वाळू सरकली. कुत्रं आत जाऊन घाण करून आलं, ते निभावून जाईल. आणि ती घाण उचलायला येणारी बाई आत आली तर सगळा जवळा बाटेल! आणि हे म्हणत होती कोण, तर जिने मला न्याय शिकवला ती. शिवाशिवीविरुद्धचा कायदा होऊन गेला होता, कचेरीच्या भिंतीवर मीच त्याचा कागद डकवला होता. मी तो कायदा तिला सांगू लागलो.

हिरूबाई माझ्या पाया पडली. खरोखरच वाकली. "भाऊ, माज्या पोरांच्या पोटाकडं बगा. कायदा मंग सांगा. तुमी जा ना आत. तुमी बामन मानूस, तुमचा पाय लागला तं कोन काय बोलनार न्हाय."

मी?

जमना कुंपणाबाहेर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. तिथे हबकलेला एकटा मीच होतो. तिने फावडं वाळूवर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्याच्याशेजारी डबा.

"घ्या, साहेब. आधी राख."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! वर्षभर गाव पालथं घातलं, ही फावडी वाटली, दवंडी पिटली, रावसाहेबांच्या नावाने बोटं मोडली. आणि त्या क्षणी लक्षात आलं की या फावड्याची मूठ मी एकदाही धरलेली नाही. नमुना दाखवायलासुद्धा पत्रेवाल्याचा पोऱ्या बरोबर नेत असे. माझा हात पुढे जाईना. खरं सांगतो, जाईचना. वरच्या रस्त्याला जीपचा आवाज आला, हिरूबाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली, तरी मी उभाच.

शेवटी चपला काढल्या. आत गेलो. राख टाकताना अर्धी जवळ्यावर सांडली. पत्रा सरकवला. ऊन ऊन होतं ते, पत्र्यातून हाताला लागलं. मूठ लहान आणि पत्रा उथळ, नीट धरता येईना. असलं फावडं मी दोन महिने एका बाईच्या हातात दिलं होतं. काठाला लागलेलं बोटांनी सारलं, भोवतालचा हातभर जवळा ओंजळीने गोळा केला, आणि तसाच बाहेर आलो. जमनाने टोपली पुढे केली, तीत टाकलं.

"हात द्या," हिरूबाई म्हणाली.

मी पुढे झालो तशी ती दोन पावलं मागे सरली. तांब्या खांद्याएवढा उंच धरला आणि तिथून धार सोडली. पाणी माझ्या हातावर कमी, पायावर जास्त. तेव्हा मला त्या मूठभर जवळ्याची आठवण झाली, रोज वरून पदरात पडणाऱ्या.

"भाऊ, रागावू नका," ती खाली बघून म्हणाली. "पन आता तुमीबी भाईरच थांबा."

आरोग्य अधिकारी डॉक्टरसाहेब आले. चप्पल काढून खळ्यात शिरले, मुठीत जवळा घेऊन हुंगला, सारवण बघितलं, खूश झाले. "इन्स्पेक्टर, आत या ना," त्यांनी हाक मारली. हिरूबाईचे डोळे माझ्यावर. मी म्हटलं, "साहेब, पायाला काटा लागलाय." त्यांनी कागदावर सही केली. खळं होतं तिथे राहिलं. पुढे कितीतरी हंगाम राहिलं, हिरूबाईची पोरं त्यावर मोठी झाली, याचा मला आनंद आहे. तो आनंद खोटा नाही.

पाहणी चालली होती तेवढा वेळ मी कुंपणाबाहेर उभा होतो, जमनाशेजारी. दहा वर्षांत मी तिच्या इतक्या जवळ कधी उभा राहिलो नव्हतो. रावसाहेब परत जाताना थांबले. "वा इन्स्पेक्टर, प्रात्यक्षिक उत्तम झालं," म्हणाले, आणि प्रिन्सला इंग्रजीत काहीतरी सांगून चालते झाले.

माझे डोळे भरून आले. अपमान, राग, ओकारी, सगळं एकदम. मी हात पुन्हा पुन्हा धोतराला पुसत होतो. जमना ते बघत होती. तिने फावडं उचललं, वाळूत घासून स्वच्छ केलं, आणि एखाद्या रडक्या पोराची समजूत घालावी तसं म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, साहेब. तुमचं काय, संध्याकाळपर्यंत जाईल. घरी जाऊन आंघोळ केलीत की झालं."

मी घरी गेलो. आईने मागच्या दारी ऊन पाणी काढून ठेवलं होतं. मी दोन घंगाळी पाणी घेतलं, आणि जमना म्हणाली तसंच झालं. संध्याकाळी देवासमोर बसलो, रात्री पंगतीत जेवलो, कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे हजेरी होती. ओळीत ती नेहमीच्या जागी उभी होती. मी पट उघडला, तिचं नाव वाचलं, ती "हाजर" म्हणाली. आणि नावापुढे, कामाच्या रकान्यात, मी माझ्या हाताने लिहिलं: किनारा, रावसाहेबांचा कुत्रा.